मंडीदीप : खिडकीतून दिसलेले आणि उतरून पाहिलेले

मुंबईहून उत्तरेस जाणारी गाडी इटारसी सोडते, नर्मदा ओलांडते आणि विंध्याच्या रानातून घाट चढू लागते. साग-पळसाचे रान विरळ होत गेले, की ओबेदुल्लागंज येते आणि त्यानंतर मंडीदीप. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या येथे न थांबता भोपाळकडे निघून जातात. रायसेन जिल्ह्यातील या गावाची प्रवाशास होणारी ओळख म्हणजे कारखान्यांच्या भिंती, धुराडी आणि फाटकापाशी खोळंबलेल्या मालमोटारी, एवढीच.

अशा गावी पाहुणे म्हणून जाण्याचे प्रयोजन काय, असे वाचक विचारतील. प्रयोजन एका मैत्रीचे होते. आमचा पुतण्या वसईत घरी बसून मोबाइलवर बुद्धिबळ खेळतो. तीन वर्षांपूर्वी मंडीदीपचा एक तरुण त्यास प्रतिस्पर्धी म्हणून लाभला. डाव संपला, संभाषण मात्र संपले नाही. पूर्वी पत्रमैत्री होत असे, तशीच ही. फरक इतकाच, की टपालाची वाट पाहावी लागत नाही. गेल्या फेब्रुवारीत त्या तरुणाच्या बहिणीचे लग्न निघाले, आग्रहाचे आमंत्रण आले, आणि पुतण्यासोबत आम्ही उभयतांनीही जाण्याचे ठरविले.

गावाचे नाव मोठे अर्थपूर्ण आहे. अकराव्या शतकात राजा भोजाने येथून जवळच भोजपूर येथे बांध घालून विस्तीर्ण तलाव निर्माण केला होता. पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान होशंगशाह याने तो बांध फोडला व तलाव रिता झाला. त्या जलाशयातील द्वीप ते हे मंडीदीप, असे लोक सांगतात. आज पाणी नाही, द्वीप नाही; नाव तेवढे उरले आहे. भोजाचे अपूर्ण राहिलेले शिवमंदिर अद्याप उभे आहे आणि बेतवा नदी या परिसरातून वाहते. गेल्या चार-पाच दशकांत मात्र गावाचे रूप पार पालटले. औषधे, ट्रॅक्टर, साबणाची भुकटी, पोलादाच्या भट्ट्यांस लागणारे ग्राफाइटचे दांडे अशा नाना वस्तू येथे तयार होतात. बिहार व उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबे येथे नांदतात.

यजमानांनी आमचे स्वागत अत्यंत अगत्याने केले. सकाळी पोहे आणि जिलेबी, दुपारी दाल-बाफले, आणि वेळी-अवेळी चिमूटभर मीठ घातलेला भोपाळी चहा. घरातील काकी आमच्या सौभाग्यवतींकडे बराच वेळ पाहत होत्या. अखेरीस त्यांनी संकोचाने विचारलेच, “बहनजी, आपके यहाँ तो औरतें फ्रॉक पहनती हैं न?” आमच्या सासूबाई जन्मभर लाल लुगडे नेसल्या, घरी वसईची बोली बोलल्या आणि केळीच्या बागेत राबल्या, हे ऐकून त्यांस नवल वाटले. त्यांस दोष कोण देईल? त्यांनी ख्रिस्ती मनुष्य पाहिला तो पडद्यावर. १९७३ सालच्या ‘बॉबी’तील प्रेमनाथांचा जॅक ब्रॅगांझा, १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’तील दारूचा गुत्ता चालविणारा अँथनी! त्या अँथनी गोन्साल्वीस या नावामागे गोव्याचे एक थोर संगीतज्ञ होते. संगीतकार प्यारेलाल यांना त्यांनी व्हायोलिन शिकविले होते आणि त्या शिष्याच्या आदरातून हे नाव चित्रपटात आले. परंतु नाव घरोघरी पोहोचले, तो गुरु मात्र पोहोचला नाही.

हाच न्याय भोपाळासही लागू आहे. १९७५ सालच्या ‘शोले’ने जगदीप यांचा बढाईखोर सूरमा भोपाली दिला आणि तेव्हापासून भोपाळचा मनुष्य म्हटला, की लोक हसण्याच्या तयारीने बसतात. ज्यांना हसू येत नाही त्यांना २ डिसेंबर १९८४ ची रात्र आठवते. २०२३ साली आलेल्या ‘द रेल्वे मेन’ या चार भागांच्या मालिकेने ती रात्र देशोदेशी नेली. त्या तरुणाने आम्हांस सांगितले, “खेळताना कोणी गाव विचारले, की मी मुद्दाम मंडीदीप सांगतो. भोपाळ म्हटले, की समोरचा आधी गॅस विचारतो आणि मग माझे नाव.”

असे सांगण्यास त्यास आणखी एक कारण होते. त्याची आजी, जिला घरात सारे अम्मा म्हणतात, त्या रात्री जुन्या भोपाळात स्टेशनाजवळ राहत होती. पुढे मुलास येथे नोकरी लागली, म्हणून हे कुटुंब मंडीदीपला आले. तीन वर्षांच्या मैत्रीत त्याने ही गोष्ट आमच्या पुतण्यासही सांगितली नव्हती. आपण मित्र न राहता दयेचा विषय होऊ, ही भीती त्यास वाटत होती. मालिका घरी लागली तेव्हा अम्मांनी ती शेवटपर्यंत पाहिली. आम्ही विचारले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “स्टेशनवरच्या माणसांनी केले ते खरेच. ते दाखविले, बरे झाले. पण गाडी सुटली आणि चित्र संपले. माझा खोकला कोठे सुटला?”

त्यांचे म्हणणे यथार्थ आहे. उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी त्या रात्री वेळेची वाट न पाहता गाडी पुढे सोडली व असंख्य प्रवाशांचे प्राण वाचविले, हे जगास कळावयासच हवे होते. परंतु त्या बंद कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा पीथमपूरला हलविला गेला तो २०२५ च्या जानेवारीत, चाळीस वर्षांनंतर! चित्रपटास शेवट असतो. गावास तो नसतो.

परतण्यापूर्वी यजमानांनी आम्हांस भीमबेटका दाखविले. १९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकर आगगाडीने या मुलखातून जात होते. खिडकीतून त्यांस दूरवर खडकांच्या विलक्षण आकृती दिसल्या. तोवर कितीएक प्रवाशांनी त्या पाहिल्या असतील. वाकणकर मात्र तेथवर चालत गेले. आदिमानवाच्या ज्या चित्रांस २००३ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, ती चित्रे अशी प्रकाशात आली.

पडदा, मग तो चित्रपटगृहातील असो वा हातातील, ही गाडीची खिडकीच होय. ती निंद्य नव्हे. तिच्यातूनच पहिले दर्शन घडते. आमचा पुतण्या व त्याचा मित्र एकमेकांस त्या खिडकीतूनच भेटले. परंतु अम्मांचा खोकला तिच्यातून ऐकू आला नाही. त्यासाठी त्यांच्या ओसरीवर बसावे लागले. आपली मुले आज दूरदूरच्या मुलखांत स्नेही जोडीत आहेत. त्यांना रागे भरू नये. त्या स्नेह्याच्या घरी कोण कोण आहे, कोण आजारी आहे, त्यांच्याकडे काय पिकते, एवढे मात्र विचारावयास शिकवावे. आणि जमेल तेव्हा गाडीतून उतरावे.

निघताना आम्ही नेलेली सुकेळी अम्मांनी पुन्हा पुन्हा न्याहाळली. पिकली केळी नुसत्या उन्हावर इतकी गोड कशी होतात, हे त्यांना पाहावयाचे आहे. येत्या हिवाळ्यात त्या वसईस येणार आहेत.