गॅस्केलबाईंच्या तळटिपा आणि एक लाल रेघ

काही वर्षांपूर्वी उत्तरपत्रिका तपासताना एका विद्यार्थिनीच्या उत्तरातील ‘औंदा’ या शब्दाखाली आम्ही लाल रेघ मारली आणि समासात ‘यंदा’ असे लिहिले. प्रश्न होता प्रादेशिक कादंबरीतील बोलीच्या सामर्थ्याचा! त्यातील विसंगती तेव्हा आम्हांला जाणवली नाही. ती जाणवली पुढे एलिझाबेथ गॅस्केल पुन्हा वाचताना.

गॅस्केलबाईंचा जन्म लंडनचा, १८१० सालचा. आई तान्हेपणीच गेली. त्या चेशर परगण्यातील नट्सफर्ड या गावी मावशीपाशी वाढल्या. ‘क्रॅनफर्ड’मधले गाव ते हेच. १८३२ मध्ये युनिटेरियन धर्मोपदेशक विल्यम गॅस्केल यांच्याशी विवाह होऊन त्या मँचेस्टरला आल्या. १८४५ मध्ये त्यांचा तान्हा मुलगा दगावला. त्या दुःखातून मन वळावे म्हणून त्यांनी कादंबरी लिहायला घेतली. ती ‘मेरी बार्टन’. १८४८ मध्ये ती लेखिकेच्या नावाविना प्रसिद्ध झाली.

या कादंबरीतील गिरणी कामगार लँकशरच्या बोलीत बोलतात. त्यांच्या शब्दांना विल्यम यांनी तळटिपा जोडल्या. त्यांत केवळ अर्थ नाहीत. अनेक ठिकाणी चॉसरसारख्या जुन्या कवींचे दाखलेही आहेत. १८५४ च्या आवृत्तीला तर त्या बोलीवरची त्यांची दोन व्याख्याने जोडलेली आहेत. तुम्ही ज्याला गावंढळ समजता तो शब्द तुमच्याच भाषेचा पूर्वज आहे, असे ते सुशिक्षित वाचकाला बजावत होते.

प्रथम वाचताना आम्ही हरखून गेलो. पुढे मात्र एक शंका छळू लागली. उपाशी विणकराच्या तोंडच्या शब्दाला चॉसरची साक्ष का लागावी? ज्याला असा कुलीन पूर्वज नाही, त्या शब्दाने काय करावे?

याचे उत्तर गॅस्केलबाईंच्याच ‘नॉर्थ अँड साउथ’मध्ये (१८५४–५५) सापडते. दक्षिणेतून आलेल्या मार्गारेटच्या बोलण्यात कामगारांचा एक शब्द येतो आणि आई तिला टोकते. मार्गारेट त्या शब्दाची वंशावळ सांगत बसत नाही. गिरण्यांच्या गावात राहायचे तर गरजेला तिथलीच भाषा वापरणार, एवढेच तिचे म्हणणे. शब्दाला तेवढा आधार पुरतो.

‘औंदा’चा बचाव आम्हीही विल्यम यांच्या वाटेने केला असता, व्युत्पत्ती शोधली असती, जुन्या पोथ्या चाळल्या असत्या. पण त्या मुलीला त्याची गरज नव्हती. तिच्या घरी पेरणी औंदाच होत होती.

पुढे वर्गात ‘प्रादेशिक’ या संज्ञेची चर्चा करताना आम्ही हा प्रसंग आपणहून सांगितला. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, मग गुण कापले होते का?”

कापला होता. अर्धा.