दप्तर ठेवायला ज्यांनी शिकवलं

हिंगणघाटच्या आमच्या समुपदेशन केंद्राबद्दल कोणी चार बरे शब्द बोललं की मला अवघडल्यासारखं होतं. त्या शब्दांचे खरे धनी ऑफिसच्या लोखंडी कपाटात उभे आहेत. पुठ्ठे सुटलेली, पानोपानी पेन्सिलच्या खुणा असलेली चारच पुस्तकं. त्यातल्या तीन पुस्तकांचे लेखक मला कधी भेटले नाहीत आणि चौथ्याला तर लेखकच नाही, तो संसदेने केलेला कायदा आहे.

समाजकार्याची पदवी घेऊन मी कामाला लागले तेव्हा शेतकरी आत्महत्यांसाठीचं २००६ चं पंतप्रधानांचं पॅकेज नुकतंच जाहीर झालं होतं. विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी ते होतं, त्यात आमचा वर्धा जिल्हा होता. कर्ता माणूस गेलेल्या घरी जायचं, बसायचं, ऐकायचं, एवढंच मला येत होतं. तळमळ असली की काम होतं, असा माझा प्रामाणिक समज होता. पुढे आम्ही दोघी-तिघींनी मिळून केंद्र सुरू केलं. एकदा आलेली बाई पुन्हा आली का, नसेल तर का नाही, हे मात्र आम्हाला सांगता येत नसे. आमच्याकडे वहीच नव्हती.

त्याच सुमारास सेवाग्रामच्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी विक्रम पटेल यांचं ‘व्हेअर देअर इज नो सायकियाट्रिस्ट’ माझ्या हातात ठेवलं. २००३ सालचं हे इंग्रजी पुस्तक मी शब्दकोश शेजारी घेऊन वाचलं. त्यात आजारांच्या नावांची भीती घातलेली नाही. झोप येत नाही, सारखा थकवा आहे, अंग दुखतं पण तपासणीत काही निघत नाही, अशा तक्रारींपासून ते सुरुवात करतं. आमच्याकडे माणसं अगदी हेच बोलत होती. “मले रातभर झोप नाही येत जी, आंगात कसंतरीच होते.” अशा माणसाला तोवर सलाईन लागायची आणि तो घरी जायचा. आमच्या पहिल्या रजिस्टरचे रकाने या पुस्तकावरून आखले गेले. पहिला रकाना तक्रारीचा, माणसाच्याच शब्दांत. जगणं नकोसं वाटतं का, हे सरळ विचारायचं धैर्यही इथूनच आलं. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो, हे कळेपर्यंत आम्ही तो प्रश्न टाळतच होतो.

दुसरं ऋण अनिल अवचटांच्या ‘मुक्तांगणची गोष्ट’चं. आमच्या जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे, तरी नवऱ्याच्या दारूने पिचलेल्या बायका केंद्रात येतच होत्या. नवरा येत नाही तोवर आपण काय करणार, असं म्हणून आम्ही हात टेकायचो. पुण्यात १९८६ साली अनिता अवचटांनी उभ्या केलेल्या मुक्तांगणमध्ये व्यसनातून बाहेर आलेली माणसंच पुढे कार्यकर्ते होतात आणि पत्नींसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट चालतो. संस्थेत माणसं कुठून आणायची, या माझ्या प्रश्नाचं उत्तर तिथे होतं. आम्ही बायकांची बैठक सुरू केली आणि दारू सुटलेल्या एका गृहस्थांना घरभेटींचं काम दिलं. ज्या ओसरीवर मला कोणी बसा म्हणत नसे, तिथे त्यांच्यासाठी चहा ठेवला जाई.

काम वाढलं, मुली नव्याने रुजू झाल्या आणि प्रत्येकीची पद्धत वेगळी पडू लागली. त्या वेळी गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेची ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम’ची मार्गदर्शिका मिळाली. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या कार्यकर्त्यांनी नैराश्य आलेल्या माणसाला सहा ते आठ भेटींत कसं सावरायचं, हे त्यात पायरीपायरीने दिलेलं आहे. दर भेटीत तेच नऊ प्रश्न विचारून गुण मांडायचे, म्हणजे सुधारणा आहे की नाही हे आपल्या मनावर सोडावं लागत नाही. परवानगी घेऊन बोलणं ध्वनिमुद्रित करायचं आणि सहकाऱ्यांनी एकत्र बसून ते तपासायचं, हाही त्या पद्धतीचाच भाग. आमच्या शनिवारच्या बैठकीत पहिली फीत माझी लागली. समोरच्या बाईपेक्षा मीच जास्त बोलत होते. कोणी काही म्हणालं नाही, म्हणायची गरजही नव्हती.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांमध्ये झालेल्या ‘विश्राम’ प्रकल्पाचे आकडे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं होतं. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून, नीट देखरेख ठेवून हे होतं, याचा तो पुरावा होता. आमच्यासारख्या लहान केंद्राला त्याने मोठं बळ दिलं.

चौथं पुस्तक म्हणजे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा. २९ मे २०१८ पासून तो लागू झाला. कायद्याची भाषा रुक्ष खरी, पण आमच्या संस्थेची शिस्त त्यानेच घडवली. कलम २३ गोपनीयतेचं. “आमच्या गावचं कोण कोण येते जी तुमच्याकडे?” असं गावातलं बडं माणूस सहज विचारतं. पूर्वी आम्ही संकोचाने काहीतरी बोलून जायचो. आता रजिस्टर कुलपात असतं आणि सांगता येणार नाही, कायदा आहे, एवढं उत्तर पुरतं. कलम ९५ प्रमाणे माणसाला साखळीने बांधणं बेकायदा आहे. ते सांगायला गोठ्यात बांधलेल्या एका मुलाच्या घरी गेलो, तेव्हा सोबत सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयासाठीची चिठ्ठीही नेली होती. नुसती मनाई सांगून आईबापांचं ओझं हलकं होत नाही. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं कलम ११५ गृहीत धरतं. पोलिसांच्या भीतीने विषाचं प्रकरण दडवणाऱ्या घरांना हे कलम आम्ही वाचून दाखवतो.

रजिस्टर, वेळापत्रक, कुलूप, बैठक ही कारकुनी कामं आणि माया वेगळी, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते. आलेल्या माणसाला दिलेला शब्द वहीत नोंदला नाही, तर आपल्याच धांदलीत तो विसरला जातो, हे मला या चार पुस्तकांनी दाखवलं. हे ऋण फिटण्यासारखं नाही. नव्या मुलींसाठी यातलं आवश्यक तेवढं सोप्या मराठीत उतरवून ठेवलं आहे आणि त्यांचं पहिलं काम ठरलेलं आहे. संध्याकाळी केंद्र बंद करण्याआधी रजिस्टरचा ‘पुढची तारीख’ हा रकाना तपासायचा आणि त्या दिवशी जे आले नाहीत, त्या प्रत्येकाला फोन करायचा.