बालाघाटावरची थंडी आणि सुंठीचा काढा

बीड शहर मागे टाकून दक्षिणेकडे निघालेला रस्ता मांजरसुंब्याचा घाट चढू लागला, की हवा बदलते. बिंदुसरेच्या काठी नुसती गार वाटणारी पहाट वर बालाघाटाच्या माथ्यावर बोचू लागते. पठारावर वारा अडवायला झाड थोडे, डोंगर उघडे आणि जमीन बरड. मार्गशीर्ष-पौषात या बाजूला सर्दी-पडसे घरोघरी मुक्कामालाच येते. घाटापुढे एक वाट केज-अंबाजोगाईकडे जाते, दुसरी पाटोद्याकडे. या वाटांवरच्या बाजारगावांत किराणा, भुसार आणि कापडाचा व्यापार करणारी जैन घरे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. पलीकडे आष्टी तालुक्यात कड्याला तर बत्तीस आगमांचा हिंदी अनुवाद करणाऱ्या पूज्य अमोलकऋषींच्या नावाची शिक्षणसंस्थाच उभी आहे.

पुढे दुकान आणि मागे घर, अशी यांतील पुष्कळ घरांची रचना. हिवाळ्यात मागच्या स्वयंपाकघरातून पुढच्या गादीपर्यंत जो वास येतो, तो काढ्याचा. मात्र शेजारच्या घरातला काढा आणि या घरातला काढा यांत फरक आहे. शेजारी ओले आले ठेचून घालतात आणि गोडीला मध. येथे आले अनंतकाय म्हणून वर्ज्य, आणि मध महाविगयांत मोडणारा, म्हणून तोही वर्ज्य. राहते ती सुंठ. जमिनीखालचा कंद असूनही वाळवलेली सुंठ बहुतेक घरांत हळदीप्रमाणे चालते. ती आता रुजत नाही, आणि भाजीसारखी पोटभर खाल्लीही जात नाही. काही घरे तीही घेत नाहीत. तेथे मिरी आणि पिंपळी यांवर भागते.

या अडचणीतून काढा उणा झाला, असे मात्र समजू नये. आले वाळताना त्यातील जिंजेरॉल या द्रव्याचा काही भाग शोगाओलमध्ये बदलतो, आणि ते अधिक तिखट असते. सुंठ घशाशी जास्त झोंबते ती त्यामुळे. 2020 च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, आयुष मंत्रालयाने देशभर जो काढा सुचवला, त्याचे प्रमाण पुढे असे ठरले : तुळस चार भाग, दालचिनी दोन भाग, सुंठ दोन भाग आणि काळी मिरी एक भाग. गोडीला गूळ किंवा मनुका, आणि हवे असल्यास लिंबू. त्यात ओले आले नव्हते आणि मधही नव्हता. जैन स्वयंपाकघराला त्या यादीतले काहीच वगळावे लागले नाही. त्याच वर्षी अनेकांनी दिवसातून पाच-पाच वेळा काढा पिऊन पित्त वाढवून घेतले, हेही खरे. मंत्रालयाने सांगितले होते ते एकदा किंवा दोनदाच.

घरची रीत साधी आहे. चार कप पाणी, दहा-बारा तुळशीची पाने, गवती चहाच्या दोन पाती, अर्धा चमचा सुंठपूड, पाच-सहा मिरे, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा आणि दोन लवंगा. मंद आचेवर पाणी निम्मे होईपर्यंत आटवावे. गूळ घालायचा तो पातेले उतरवल्यावर. दूध घालणाऱ्यांनी तर हे विसरूच नये, कारण उकळत्या दुधात गूळ पडला की ते हमखास फाटते. अष्टमी-चतुर्दशीला हिरवे वर्ज्य असते. म्हणून तुळस आणि गवती चहा सावलीत वाळवून डब्यात भरून ठेवण्याची पद्धत आहे.

व्यापारी घराला या पातेल्यात भूगोलही दिसावा. तुळस आणि गवती चहा परसातले. गूळ गोदावरीकाठच्या आणि माजलगावच्या उसाच्या पट्ट्यातला असू शकतो. मिरी येते ती केरळ-कर्नाटकाच्या डोंगरांतून, आणि घशासाठी घालतात ते ज्येष्ठमध पुष्कळसे अफगाणिस्तान-इराणकडचे. यांतील प्रत्येक जिन्नसात खोट शक्य आहे. मिऱ्यात पपईच्या बिया मिसळतात, आणि दालचिनी म्हणून जाड सालीची कॅसिया विकतात. जुन्या सुंठेला कीड लागते. ती फोडून, आत पोखरलेली नाही हे पाहूनच घ्यावी लागते. पारखून न घेतलेली सुंठ कुटणे म्हणजे औषधात आणि अहिंसेत एकदमच चूक करणे होय.

दुकानाच्या फळीपलीकडे उभा असलेला गिऱ्हाईक आठवला, की या पारखण्याला वेगळे वजन येते. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी बिऱ्हाड बांधून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. पुढचे चार-सहा महिने पाचटाच्या कोपीत राहायचे आणि पहाटेच्या दवात फडात उतरायचे. लेकराला खोकला झाला तर दवाखान्याला जाण्यात दिवस मोडतो, आणि खाडा झाला की मजुरी बुडते. निघण्यापूर्वीच्या बाजारात मीठ-मिरचीबरोबर सुंठ-मिऱ्याची पुडी घेतली जाते ती याच हिशोबाने. ही पुडी बांधणाऱ्याने जुना माल खपवला, तर तक्रार करायला गिऱ्हाईक एप्रिलपर्यंत गावात नसते.

शेताच्या कडेला कुंपणाला लावलेला अडुळसा हे या भागातले दुसरे औषध. कडू असल्याने शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून तो टिकतो. त्याच्या पानांतील व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच पुढे ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध घडले, आणि केमिस्टकडच्या कित्येक सिरपांत ते आज असते. गर्भवतीला मात्र अडुळसा देऊ नये. रक्तदाबाच्या रुग्णाने ज्येष्ठमध रोज घेऊ नये, आणि मधुमेह्याने गुळाला औषध समजू नये.

खरी पंचाईत वेळेची आहे. डिसेंबरच्या आरंभी बीडला सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो. महिनाअखेर सकाळी सातच्या सुमारास उगवतो. नवकारसी पाळणाऱ्याने उगवतीनंतर 48 मिनिटे थांबायचे, आणि चौविहार करणाऱ्याने मावळतीनंतर पाणीही घ्यायचे नाही. खोकला तर नेमका रात्री उसळतो. घरातील वडीलधाऱ्यांचा चौविहार मोडू नये आणि त्यांची रात्रही बसून जाऊ नये, ही सुनांची काळजी जुनी आहे. म्हणून काढा पाचलाच आटतो, घोट-घोट घेतला जातो आणि वर मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या होतात. तरीही न भागल्यास पच्चक्खाणात आगार ठेवलेले असतात, हे घरातल्या धाकट्यांना माहीत असावे. प्रकृती फार बिघडली असता समाधी टिकावी म्हणून औषधाची सवलत शास्त्रानेच दिली आहे. दम लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर दिसणे किंवा तीन दिवसांवर राहिलेला ताप यांपुढे काढ्याचे काम संपते. लहान मुलाचा श्वास भराभर चालू लागला, तर तिथीही पाहू नये आणि घड्याळही पाहू नये. घाटावरच्या लोकांसाठी अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे, आणि रात्रीही त्याचे दार उघडे असते.

अंबाजोगाईच्या पेठेत साडेपाचला उन्हे भिंतींवर चढतात. गादीवरचे शेठजी मुनिमाला रोकड मोजायला सांगतात, तोच आतून नातू पितळी पेला दोन्ही हातांनी धरून येतो. “बाबा, आईनं सांगितलंय, गार व्हायच्या आत घ्या. दिवस कलायला पंधराच मिनिटं राहिलीत.” पेला रिकामा होईपर्यंत गिऱ्हाईकही थांबते.