बंपरला कलप

माणसाचे केस पिकले की लोक त्याला अनुभवी म्हणतात. गाडीचा बंपर पिकला की पाच हजार रुपये कमी देतात. हा शोध मला २०२५ साली लागला.

गाडी अण्णांची. निवृत्त झाल्यावर २०१० साली त्यांनी प्रॉव्हिडंट फंडातून दोन लाखांना घेतलेली. अण्णा गेले, गाडी सोसायटीच्या आवारात पश्चिमेचे ऊन खात उभी राहिली आणि १५ वर्षांची नोंदणी संपत आली. मी पडलो बी. कॉम. दरसाल १५ टक्के घसारा, घटत्या शिलकेच्या पद्धतीने धरला, तर किंमत उरते साधारण साडेसतरा हजार. एजंट तीस हजार द्यायला तयार होता. म्हणजे फायदाच! पण त्याने बंपरवर बोट फिरवले आणि म्हणाला, "साहेब, हा पांढरा पडलाय. पंचवीस."

"मी काळा करतो," मी म्हणालो.

"अहो, आधी स्वतःचे कल्ले बघा," सौ. आतून म्हणाली.

ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात बंपर पोलादी असत, वर क्रोमचा मुलामा. हल्लीचा बंपर पॉलिप्रॉपिलीनचा. त्यात काजळी घालून तो काळा करतात. पण उन्हातले अतिनील किरण वरचा थर हळूहळू खातात आणि रंग राखाडी होतो.

बँकेत विषय काढला. बँकेत कर्ज सहज मिळत नाही, सल्ला मिळतो. हेड कॅशियर म्हणाले, खोबरेल तेल. लावले. बंपर असा चमकला की मी त्यात भांग पाडला. दुपारपर्यंत रस्त्यावरची सगळी धूळ त्यावर मुक्कामाला आली आणि बंपर कुरडईच्या पिठात घोळल्यासारखा दिसू लागला. शिपाई म्हणाला, बुटाचे काळे पॉलिश. तेही झाले. संध्याकाळी सर आली, आणि गाडीला खेटून गेलेल्या सौ.च्या मोतिया साडीला काळा काठ आला. त्या रात्री मी पिठलं-भात स्वतः वाढून घेतला.

शेवटी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने खरे सांगितले. "साहेब, वरून काय फासताय? आधी मळ काढा. ह्या खरबरीत प्लॅस्टिकमध्ये मेण अडकलंय, ते वाळलं की पांढरं दिसतं. साबणाचं पाणी, जुना टूथब्रश. पूर्ण वाळू द्या. मग स्पंजने ट्रिमचं औषध पातळ लावा, जास्तीचं पुसा. आणि हे कायमचं नाही, पुन्हा लावावं लागतं."

म्हणजे कलपच की!

रविवारी टूथब्रश घेऊन बसलो. ब्रश फिरू लागला तसे पांढरे ओघळ सुटू लागले. आणि एकदम आठवले, हे मेण अण्णांचे. दर रविवारी ते गाडीला मेण चोळायचे. "अण्णा, पत्र्यालाच लावायचं असतं," असे सांगितले की म्हणायचे, "बंपरने काय घोडं मारलंय? तोही घरचाच." गोल गोल हात फिरवायची त्यांची सवय. नंबर प्लेटशेजारी तळहाताएवढ्या जागेत ते गोल अजून जसेच्या तसे होते.

सगळा बंपर काळाभोर झाला. तेवढी जागा सोडून. तिथे हात चालेना.

एजंट आला, खूश झाला, वाकला. "साहेब, इथं राहिलंय."

"राहू दे."

"मग पाचशे कमी."

"चालेल."

एजंट थक्क झाला. त्याने घासाघीस करायची तयारी ठेवली होती. सौ. दारात उभी होती. "एका रुपयाचा फरक सापडेपर्यंत रात्री नऊ वाजवणारा माणूस तुम्ही! हे पाचशे कुठल्या खाती टाकले?"

मी उत्तर दिले नाही. गाडी गेटातून वळेपर्यंत तो पांढरा डाग दिसत होता. घटत्या शिलकेच्या पद्धतीची एक गंमत असते, किंमत कितीही वर्षे घटत गेली तरी शून्य कधीच होत नाही. हे मला बी. कॉम.ला पाठ होते; समजले मात्र त्या दिवशी.