पसाभर तांदूळ

पौष पौर्णिमेच्या सकाळी दारात आलेल्या मुलांच्या घोळक्यात आमच्या घरमालकांचा नातू होता. पायात नवे बूट, खांद्याला कापडी पिशवी. त्याला खेटून कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवाल्यांचा मुलगा उभा होता, त्याची पिशवी सिमेंटच्या गोणीतून शिवलेली. दोघंही एकाच ठसक्यात, हक्कानं धान मागत होते. ज्यांना मी महिन्याच्या महिन्याला भाडं देते, त्यांच्या घरचं मूल माझ्यापुढे पिशवीचं तोंड उघडून उभं होतं आणि त्याच्या चेहऱ्यावर संकोचाचा मागमूसही नव्हता. मी दोघांना पसापसा तांदूळ घातला. मुलं पुढच्या दाराशी गेली. मी मात्र त्या चेहऱ्यापाशी अडकून राहिले.

छत्तीसगडात या सणाला छेरछेरा म्हणतात. मळणी उरकलेली असते, नवं धान कोठीत येऊन पडलेलं असतं. त्या दिवशी कुणीही कुणाच्याही दारी जाऊन मागावं आणि दारी आलेल्याला कुणी विन्मुख पाठवू नये, अशी रीत. खेड्यात मुलं टोपल्या घेऊन निघतात, तरुणांच्या टोळ्या नाचत-गात फिरतात. जात, जमीन, ऐपत, काहीही आड येत नाही. इथल्या दूधाधारी मठात या दिवशी मुख्यमंत्र्यालाही धान मागताना रायपूरकरांनी पाहिलंय. दान देण्याचे सण आपल्याकडे पुष्कळ आहेत. सगळ्यांनी मागायचंसुद्धा, असा सण माझ्या पाहण्यात हा एकच.

सिलतऱ्याच्या एका पोलाद कारखान्यातली खरेदी विभागातली नोकरी सोडून मी अनुवादाच्या कामाला लागले, त्याला आता काही वर्षं झाली. हिंदीतून मराठीत, मराठीतून हिंदीत. पैसे पानामागे मिळतात आणि पान मनासारखं उतरल्याशिवाय ते माझ्या हातून सुटत नाही, त्यामुळे पैसेही सावकाश येतात. हे काम मला जिवापाड आवडतं, ते सोडण्याचा विचारही मनात येत नाही. पण घराची घडी बदलली. गाडी विकली. चौबे कॉलनीतला फ्लॅट सोडून तात्यापाऱ्यात एका जुन्या घराच्या माडीवर राहायला आलो. उन्हाळ्यात, अगदी मेअखेरच्या नवतप्यातसुद्धा, वाळ्याच्या कूलरवर भागवतो. भाजी शास्त्री बाजारातून आणायची ती संध्याकाळी, ढीग उतरायला लागले की. चेच, करमत्ता, लाल भाजी, थंडीत तिवऱ्याची कोवळी पानं. या भाज्या स्वस्त आहेत हे खरं, पण मला त्या फ्लॉवर-मटारपेक्षा पहिल्यापासूनच आवडतात. सकाळी बासी खायची. रात्रीच्या उरल्या भातात पाणी घालून ठेवायचं, सकाळी मीठ, कच्चा कांदा आणि हिरवी मिरची. इथल्या शेतकऱ्याचं आणि मजुराचं हे अन्न. २०२२च्या कामगार दिनाला राज्य सरकारनं बोरे-बासी दिवस साजरा केला तेव्हा मोठमोठे अधिकारी बासीची बटकी पुढ्यात घेऊन बसले होते. सासूबाई नागपूरच्या, त्यांना ताकभातच हवा. तोही स्वस्तच पडतो.

काटकसर लवकर अंगवळणी पडली. अवघड गेलं ते मागणं. माझ्या दाताचं काम निघालं, शब्दकोशाचे जुने खंड विकायला आल्याचं कळलं, माहेरच्या लग्नाचं तिकीट काढायचं झालं, की पैसे नवऱ्याकडे मागायचे. तो देतो, हसत देतो. तरी वर्षानुवर्षं स्वतः मिळवलेल्या हाताला पुढे व्हायची सवय नसते. ओठांवर आलेलं वाक्य मी परत गिळायची आणि तो खर्चच रद्द करून टाकायची. गरजा कमी करण्यातला बराचसा आनंद कुणाकडे काही मागावं लागत नाही याचा असतो, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. तो साधेपणा नसतो, ताठपणा असतो.

मागण्याचा विचार आला की मला माधवराव सप्रे आठवतात. आम्ही राहतो त्या तात्यापाऱ्यातच ते राहत. मराठी माणसांना त्यांची ओळख असते ती टिळकांच्या गीतारहस्याचे हिंदी अनुवादक म्हणून, तीही ज्यांना असते त्यांना. हिंदीवाले त्यांना पत्रकारितेच्या आणि समीक्षेच्या आद्यपुरुषांत बसवतात, १९०१ सालच्या त्यांच्या ‘एक टोकरी भर मिट्टी’ला हिंदीतली पहिली कथा मानणारेही पुष्कळ आहेत. जन्म १८७१चा, दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचा. पदवी हातात आल्यावर सरकारी नोकरी समोर चालून आली होती. ती त्यांनी नाकारली आणि पेंड्र्याच्या राजकुमाराला इंग्रजी शिकवायला गेले, महिना पन्नास रुपयांवर. त्या पगारातून पैसा बाजूला टाकून जानेवारी १९००मध्ये ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. संपादक सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामन बळीराम लाखे. तिघंही मराठी. ज्या मुलखात छापील शब्दाला गिऱ्हाईक मिळणं मुश्कील, तिथं तीन मराठी तरुणांनी पदरमोड करून हिंदी मासिक चालवलं. १९०२च्या अखेरीस ते तोट्यात बंद पडलं. यातल्या लाख्यांना पुढे रायसाहेब ही पदवी मिळाली, ती त्यांनी असहकाराच्या दिवसांत परत केली. लाखेनगरकडे जाणाऱ्या रिक्षात बसते तेव्हा कधीकधी त्यांची आठवण येते.

पण मला धरून ठेवते ती सप्रे यांची पुढची गोष्ट. १९०७मध्ये नागपुरात त्यांनी ‘हिंदी केसरी’ सुरू केला. टिळकांचा केसरी जे मराठीत बोलत होता ते हिंदीत बोलायचं, हा उद्देश. १९०८च्या ऑगस्टमध्ये राजद्रोहाखाली अटक झाली. तिकडे टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झालेली. इकडे तुरुंगात सप्रे यांची प्रकृती ढासळत होती आणि घरचे हवालदिल झाले होते. अखेर थोरल्या भावाच्या हट्टापुढे नमून त्यांनी माफीपत्रावर सही केली आणि ते सुटले. बाहेर आले ते मान खाली घालून. सोबत्यांनी पाठ फिरवली, वर्तमानपत्रांनी धारेवर धरलं. सप्रे यांनी स्वतःचा बचाव केला नाही. ते वर्ध्याच्या हनुमानगडावर रामदासी गुरूंकडे गेले, दासबोधाच्या पारायणांत बुडाले आणि मधुकरीवर राहू लागले.

संपादक, पदवीधर, वाचणाऱ्या प्रत्येकाला नावानं माहीत असलेला माणूस झोळी घेऊन दारोदार उभा राहतो. ज्या घरांत त्याची निंदा झाली असेल, त्याच घरांतून भाकरी येत असेल. हे त्याला कसं जमलं, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. दासबोधातल्या चौदाव्या दशकाचा दुसरा समास सगळाच्या सगळा भिक्षेवर आहे. भिक्षेच्या निमित्तानं मुलूख पाहून होतो, माणसं ओळखीची होतात, आणि पुढ्यात पुष्कळ आलं तरी आपण थोडंच घ्यावं, असं समर्थ तिथं सांगतात. पोट भरणं हा त्यातला लहान भाग. मागणारा आपलं दार सोडून दुसऱ्याच्या दारापर्यंत चालत जातो, त्याच्या सवडीची वाट पाहतो, जे मिळेल त्यावर त्याची सत्ता नसते. माफीपत्रानं माधवराव लोकांपासून तुटले होते. मधुकरीनं ते एकेका उंबरठ्यापाशी लोकांना पुन्हा भेटले, असं मला वाटतं. ते प्रायश्चित्त होतंच, त्या काळानं आणि त्यांनी स्वतःही ते तसंच मानलं. मला त्यात त्याहून मोठं काही दिसतं. आपलं ओझं लोकांच्या हाती द्यायला ते शिकले.

त्यानंतरचं त्यांचं काम पाहावं. दासबोध हिंदीत आणला. लेखांना टोपणनावं घातली, सभामंचापासून दूर राहिले. रायपुरात जानकीदेवी महिला पाठशाळा उभी केली, तेव्हा मुलींच्या शिक्षणाला इथं हसणारे पुष्कळ होते. १९१५मध्ये गीतारहस्य प्रसिद्ध झालं आणि मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला तो ग्रंथ त्यांनी हिंदीत नेला. १९२४मध्ये डेहराडूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे चालत आलं. १९२६च्या एप्रिलमध्ये रायपुरातच गेले. त्यांच्या नावाची शाळा बूढ़ापाऱ्यात आहे. संध्याकाळी तिच्या मैदानावर पोरं क्रिकेट खेळतात, आणि कुणी थांबून ऐकणार असेल तर मला त्यांना पेंड्र्यापासूनची ही सगळी हकिकत सांगायची असते.

सप्रे यांच्या चरित्रांत त्या थोरल्या भावाला फार जागा मिळत नाही. सही करायला लावणारा म्हणून तो येतो आणि जातो. माझ्या मनात मात्र तो घर करून बसला आहे. घरातला एक जण देशासाठी, भाषेसाठी किंवा मनासारख्या कामासाठी मिळकतीवर पाणी सोडतो, तेव्हा डाळ-तांदळाचा, औषधांचा, मुलांच्या फीचा हिशोब कुणीतरी दुसरं माणूस मांडत असतं. त्याला आपण संसारी म्हणतो आणि विसरतो. जगण्याचा पसारा आवरलेल्या माणसांची वर्णनं हल्ली फार वाचायला मिळतात. पांढऱ्या भिंती, एक चटई, एक मातीचं भांडं. त्या खोलीचं भाडं कोण भरतं हे त्यांत लिहिलेलं नसतं, म्हणून ती मला अपुरी वाटतात.

मागून जेवण्याची एक गोष्ट सासूबाईंनी एकदा भाजी निवडता निवडता सांगितली. “तुझे आजेसासरे नागपुरात शिकायला होते तेव्हा वार लावून जेवायचे. सोमवार वकिलांकडे, मंगळवार एका विधवा बाईंकडे, असे सात वार सात घरी. बाईंकडे मंगळवारी पिठलंच असायचं. मास्तर झाल्यावर जन्मभर दर मंगळवारी त्यांनी पिठलंच खाल्लं.” मी विचारलं, त्यांना लाज वाटायची का? त्या म्हणाल्या, “लाज कसली गं? ते बाईंना आई म्हणायचे. बाई गेल्या तेव्हा दहा दिवस सुतक पाळलं त्यांनी.”

तांदळाबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. याच शहरात डॉ. राधेलाल रिछारिया नावाच्या शास्त्रज्ञानं भाताचे वाण गोळा केले. ते कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक होते. परदेशी बुटके वाण घाईनं आणू नयेत, त्यांच्याबरोबर रोग येतील, असं ठाम सांगितल्यावर त्यांना ते पद सोडावं लागलं. कोर्टात लढून त्यांनी आपली बाजू खरी करून दाखवली. मग सत्तरच्या दशकात रायपूरला, तेव्हाच्या मध्य प्रदेशच्या भात संशोधन संस्थेत, वर्षाला वीस हजार रुपयांत आणि मूठभर मदतनिसांच्या बळावर ते काम करू लागले. शेतकऱ्यांकडे जाऊन, बसून, विचारून त्यांनी हजारो वाण मिळवले. तो आकडा एकोणीस हजारांच्या घरात जातो. एवढ्या पैशात एवढं काम कसं झालं, तर ज्यांच्याकडे बी होतं त्यांच्या दारी ते गेले आणि शेतकऱ्यांनी ते दिलं. पुढे ती संस्था बंद झाली, पण बियाणं टिकलं. आज ते इथल्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाच्या संग्रहात आहे, त्यात भर पडून वाणांची संख्या तेवीस हजारांवर गेली आहे. छत्तीसगडला धानाचा कटोरा म्हणतात तेव्हा मला विक्रमी खरेदीचे आकडे आठवत नाहीत, हा संग्रह आठवतो.

त्यातल्या नावांची यादी मी नुसती वाचत बसू शकते. जवाफूल, विष्णुभोग, बादशाहभोग, दुबराज. नगरीच्या दुबराजला २०२३मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जुना दुबराज उंच वाढतो, वाऱ्यानं लोळतो, उशिरा तयार होतो आणि उतारा कमी देतो, म्हणून शेतकरी त्याला सोडत गेले. पण तो शिजायला लागला की जिन्यापर्यंत वास जातो. आमच्या घरात कपडे, वाहन, हॉटेल, सगळ्यावर कात्री चालली. तांदळावर मी ती चालवू दिली नाही. स्वस्त भात रोज खाऊन पैसे वाचवणं मला पटत नाही. दिवसातून दोनदा जे पानात येतं ते चांगलंच असावं, आणि दुबराज पिकवणाऱ्या शेतकऱ्याला त्याच्या कष्टाचे पैसे मिळावेत, तरच तो पुढच्या वर्षी पेरील.

यंदाचा वर्षाचा दुबराज सासूबाईंच्या पेन्शनमधून आला. मीच मागितला. त्यांनी कपाटातून पासबुक काढलं, चष्मा लावून शिल्लक पाहिली आणि म्हणाल्या, “बासमती नको हो आणूस, त्याला चव नसते.” या बाबतीत आमचं दोघींचं पहिल्यापासून एकमत आहे.