न्हाणीमागची भिंत

वनस्पतींचा संसार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे फुले येतात, पराग येतात, मधमाश्या येतात. पण ज्यांना फुलेच येत नाहीत त्यांचे काय? भिंतीवरच्या शेवाळीला कुणी मुंडावळ्या बांधीत नाही. तरी तिच्यातही नर आहे, मादी आहे, आणि त्यांची गाठ पडावी म्हणून चाललेली केवढी तरी धडपड आहे.

जळकोटला आमच्या घरी न्हाणीच्या मागे काळ्या दगडांची एक भिंत आहे. श्रावणात तिच्यावर हिरवी मखमल चढते. मी भिंग घेऊन उभा राहिलो की आई विचारते, "काय हुडकायलास रं भितीत?" आता तिला काय सांगावे! मी हुडकतो ते रेतुकाशय. फ्युनेरियासारख्या शेवाळीत नर फांदीच्या टोकाला पानांचा इवलासा पेला असतो आणि त्यात गदेच्या आकाराच्या बारीक पिशव्या. पिकल्या की त्या नारिंगी-तांबूस होतात. पाणी लागताच पिशवीचे टोक फुगून फुटते आणि आतून मळसूत्रासारखे पिळदार, दोन शेपट्यांचे रेतुक बाहेर पडतात. तिथून पोहत जायचे ते शेजारच्या मादीच्या सुरईपर्यंत, म्हणजे अंदुककलशापर्यंत. पाण्याचा पापुद्रा मध्येच तुटला की वाट संपली.

अठराव्या शतकात हेडविग नावाच्या एका वैद्याने हे ओळखले. तोवर खुद्द लिनियससारखा पंडितही शेवाळीच्या देठावरच्या बोंडालाच परागकोश समजत होता.

या गोतावळ्यात तऱ्हा तरी किती! ओल्या मातीला चिकटून वाढणारी रिक्सिया आपले रेतुकाशय अंगावरच्या खाचेत लपवते. मार्चांशिया नरासाठी देठावर चक्क छत्री उभारते. पाण्यातल्या काराचा रेतुकाशय म्हणजे नारिंगी गोळा, नुसत्या डोळ्यांना दिसणारा. आणि इडोगोनियम या शैवलाच्या काही जातींत नर इतका खुजा, की तो मादीच्या अंगावरच बिऱ्हाड करतो. घरजावई हा शब्द त्याच्यासाठीच असावा!

२००६ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी नर आणि मादी शेवाळींत मुद्दाम दोन-चार सेंटीमीटरांचे अंतर ठेवले. उड्या मारणारे बारीक किडे सोडले, तेव्हा तेवढ्या अंतरावरही फळधारणा झाली. पुढे २०१२ मध्ये असेही दिसले की एका शेवाळीच्या मादीचा गंध या किड्यांना नरापेक्षा अधिक ओढतो. फुलांच्या कितीतरी आधीचे हे कूळ. गंधाची विद्या त्यालाही ठाऊक असावी, याची मला मोठी मौज वाटते.

पण आमच्या भागात सारी गोष्ट पाण्यापाशी येऊन थांबते. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले. आमच्याकडे आंघोळ अर्ध्या बादलीवर आली होती आणि विसळलेले पाणी तुळशीला जात होते. भिंतीवर नुसती काळी खपली उरली. पहिला पाऊस पडला तेव्हा मी धावत मागे गेलो. पाहता पाहता ती खपली हिरवी झाली. आई म्हणाली, "जित्ती हाय की रं ही!"

यंदा दिवाळीनंतर ती भिंत पाडायची आहे. आईला आता रात्री-अपरात्री न्हाणीपर्यंत चालवत नाही. धाकटा भाऊ तिच्यासाठी घरालगत नवी खोली आणि मोरी बांधतो आहे. त्याचे बरोबर आहे, आणि मी एका अक्षरानेही आडवा आलो नाही. परवा चुना देणाऱ्या पोराने सगळी भिंत पांढरी केली. खालचे हातभर मात्र आईने त्याला शिवू दिले नाही. गवंड्याला सांगून त्यातले दोन दगड जपून काढायचे आणि नव्या मोरीच्या पाण्याशी बसवायचे असे ठरले आहे. आईची सूचना एकच, "हिरवं अंग वर ठीव म्हणावं त्याला. न्हाईतर बसवल उलटं."