उखडून टाका म्हणणं मी सोडलं

बारामतीत आणि इंदापुरात गेल्या काही वर्षांत बंगल्यांपुढच्या अंगणात कृत्रिम लॉन दिसायला लागली, तेव्हापासून माझं मत पक्कं होतं. ही लॉन टाकू नये, आणि टाकली असेल तर उखडून काढावी. वास्तुशांतीला गेलो तरी मी हे बोलल्याशिवाय राहत नसे. यातल्या पहिल्या अर्ध्यावर मी आजही ठाम आहे. दुसरा अर्धा सोडला आहे, आणि हे मत मी बऱ्याच जणांच्या गळी उतरवलेलं असल्यामुळे ते का सोडलं हे सांगणं मला भाग आहे.

माझ्या विरोधाला कारणं होती. हे गवत पहिल्यांदा गाजलं ते 1966 साली, अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये. त्या मैदानाला छप्पर होतं. छपराच्या पारदर्शक तावदानांमधून येणाऱ्या उजेडात खेळाडूंना चेंडू दिसेना म्हणून ती तावदानं रंगवली, आणि ऊन तुटल्यामुळे खालचं खरं गवत मेलं. म्हणून प्लॅस्टिकचं आलं. आपल्याकडे उन्हाचा काय तोटा? उलट मे महिन्यात दुपारी या लॉनवर अनवाणी पाय टेकवत नाही. पाणी मारलं तर ती घटकाभर निवते आणि पुन्हा तापते. खालच्या मातीला हवा नाही, गांडूळ नाही, पालापाचोळा नाही.

लॉनवाल्यांचा पाण्याचा मुद्दा मात्र मला कधीच पुरता खोडता आला नाही. उन्हाळ्यात खऱ्या हिरवळीला दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरलं, तर पाचशे चौरस फुटांना रोज सव्वादोनशे लिटरच्या वर लागतं. नीरा डाव्या कालव्याच्या आवर्तनावर ऊस पिकतो त्याच बारामती तालुक्यात सुप्याकडच्या जिरायती गावांना टँकरची वाट पाहावी लागलेली आहे. तिथे हिरवळीवर पिण्याचं पाणी सोडा, असं कोणत्या तोंडाने सांगणार? माझं उत्तर असायचं की दोन्ही नको. मुरूम दाबा, शहाबादी फरशी टाका, एक कडुनिंब लावा. नव्या अंगणासाठी मी आजही हेच सांगतो.

मत हललं ते उखडलेल्या लॉनचं पुढे काय होतं हे पाहिल्यावर. ओळखीतल्या एकांनी आपली जुनी लॉन काढली आणि गुंडाळी करून फाटकाबाहेर ठेवली. भंगारवाला आला, त्याने ती उलटी करून पाहिली, खालचा काळा थर नखाने खरवडला आणि म्हणाला, ‘हे चालत नाही.’ त्याचं बरोबर होतं. वरची पाती एका प्लॅस्टिकची, ती ज्यात विणलेली ते कापड दुसऱ्याच प्लॅस्टिकचं, त्यावर रबरासारख्या लॅटेक्सचा थर, आणि या सगळ्यात रुतलेली वाळू. एकमेकांना चिकटलेल्या या गोष्टी वेगळ्या कोण करणार? गुंडाळी ओढ्याच्या काठी गेली आणि तिथे कुणीतरी ती पेटवली. अर्धवट जळालेला भाग मी हातात घेऊन चोळला, तर उन्हाने कडक झालेल्या पात्यांचा हिरवा भुगा बोटांना लागला. पावसाळ्यात ओढा कऱ्हेला मिळतो, कऱ्हा सोनगावला नीरेला, आणि नीरा इंदापूर तालुक्यात नरसिंहपूरला भीमेला. आपल्या अंगणातलं प्लॅस्टिक असं नदीला द्यायचं का, हा प्रश्न मला तिथे उभा राहून पडला. अंगणात होती तोवर ती निदान एका जागी होती.

त्याच सुमारास इंदापूरहून दाजींचा फोन आला. लॉनचे जोड उघडले, मध्ये उंचवटे आले, दिवाळीत भुईचक्राने एक जागा वितळली, आता सगळी काढून नवी टाकायची म्हणत होते. मी म्हटलं, थांबा. बॉक्स क्रिकेटच्या टर्फची डागडुजी करणारा एक मुलगा गाठला आणि आम्ही कामाला लागलो.

दोष लॉनपेक्षा खालच्या जमिनीत जास्त होता. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते; तिच्यावर नुसती बोटभर कच पसरून लॉन अंथरली होती. त्याने एक पट्टा मागे गुंडाळला, माती काढली, मुरूम भरला, त्यावर बारीक खडी आणि कच दाबून बसवली आणि मोरीच्या बाजूला ढाळ दिला. मग जोड. जुना गोंद खरवडून त्याने खाली रुंद पट्टी अंथरली, दातेरी थापीने नवा गोंद ओढला आणि दोन्ही कडा वही मिटावी तशा हळूहळू जवळ आणल्या. एकही पातं जोडात दबू दिलं नाही. दोन्ही पट्ट्यांची पाती एकाच दिशेला झुकलेली हवीत, नाहीतर रेघ कायमची दिसते. जळालेल्या जागेसाठी ताईने नवा तुकडा मागवायचं सुचवलं. तो नको म्हणाला. पाण्याच्या टाकीमागे कुणी बघत नाही, तिथला तेवढाच तुकडा त्याने कापून आणला. तोही तितकीच वर्षं उन्हात काढलेला, त्यामुळे रंग जुळला. टाकीमागे राहिलेल्या जागेत आम्ही मुरूम भरला.

विकताना ‘देखभाल लागत नाही’ असं सांगतात, ते खरं नाही. आपल्या भागात तर अजिबात नाही. गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या चिमण्यांची काजळी अंगणभर पडते. तिच्यावर आधी पाणी मारलं की तिचा लगदा होतो आणि खालची पाणी झिरपायची भोकं बुजतात. म्हणून आधी कोरडं झाडायचं, मगच पाणी. बसलेली पाती ताठ प्लॅस्टिकच्या झाडूने उलट्या दिशेने उठवायची. वाहून गेलेली वाळू पुन्हा भरायची. कुत्रं असेल तर ती जागा रोज धुवायची. हळदीच्या कार्यक्रमाची शेगडी लॉनवर आणायची नाही.

जुनं चालू द्यावं असं मानणारा मी एकटा नाही. युरोपीय संघाने 2023 साली वस्तूंमध्ये मुद्दाम घातलेल्या सूक्ष्म प्लॅस्टिकवर निर्बंध आणले. त्यात कृत्रिम मैदानांत भरायच्या दाण्यांच्या विक्रीवरही बंदी आहे, पण आठ वर्षांची मुदत ठेवून. आहेत ती मैदानं अकाली उखडावी लागू नयेत, हा विचार त्यामागे होता. मला तो पटतो.

नवी लॉन टाकायची म्हणून कुणी विचारलं तर माझं उत्तर अजूनही नकोच आहे. तरीही घ्यायचीच असेल, तर आयुष्य संपल्यावर परत नेण्याची हमी विकणाऱ्याकडून बिलावर लिहून घ्या, असा आग्रह मी धरतो. एकदा टाकलेली मात्र जितकी वर्षं चालवता येईल तितकी चालवा.

इंदापूरच्या अंगणातले उरलेले दोन पट्टे पावसाळ्याआधी उचलून खाली खडी भरायची आहे. त्या दिवशी मी जाणार आहे. कंपाउंडच्या कडेची दीड फूट पट्टी लॉन न टाकता मोकळी ठेवायची आणि तिथे कढीपत्ता लावायचा, एवढं मी दाजींकडून कबूल करून घेतलं आहे.